मॉड केलेल्या मीडिया प्लेअरसाठी छोटा, स्वस्त पेनड्राइव्ह : निवडीपासून पहिल्या बूटपर्यंत

पेनड्राइव्हच्या पाकिटावर सगळ्यात ठळक छापलेला वेगाचा आकडा मॉड केलेल्या, म्हणजे कंपनीच्या प्रणालीऐवजी दुसरी प्रणाली चालवणाऱ्या, मीडिया प्लेअरच्या फारसा कामाचा नसतो. हे एकदा ध्यानात आलं की खरेदी सोपी होते आणि बहुतेक वेळा स्वस्तातही उरकते. गोंधळ होतो तो सवयीमुळे. पेनड्राइव्ह म्हणजे सिनेमे भरून इकडून तिकडे न्यायची वस्तू, असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण प्लेअरमधली कंपनीची प्रणाली बाजूला ठेवून आपण लिब्रेइलेक, कोअरइलेक किंवा ओएसएमसी यांपैकी एखादी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवायला लागलो की तो त्या यंत्राची हार्ड डिस्क होऊन बसतो. चोवीस तास जोडलेला, कायम कोमट, आणि सतत काही ना काही बारीकसारीक लिहून घेणारा. त्या कामाला कोणता पेनड्राइव्ह टिकेल आणि कमीत कमी पैशांत तो कसा मिळवायचा, एवढंच इथे बघू.

वर लिहिलेल्या तिन्ही प्रणालींच्या पोटात कोडी हाच सिनेमे-गाणी लावणारा प्रोग्रॅम असतो. तो मुळात २००२ च्या सुमाराला मॉड केलेल्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी तयार झाला आणि कोडी हे नाव त्याला २०१४ मध्ये मिळालं. म्हणजे मॉडिंग हे त्याच्या जन्मापासूनच मागे लागलेलं आहे. पेनड्राइव्हवरून चालवण्याचा मोठा फायदा असा की बहुतेक बॉक्सवर तो काढून घेतला की जुनी प्रणाली पहिल्यासारखी चालू होते. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. आतल्या मेमरीत कायमचं बसवण्याची घाई नको. वॉरंटीचं काय होतं ते मात्र आपापल्या बॉक्सच्या कागदांत बघून घ्या.

पायरी १ : बॉक्स यूएसबीवरून बूट होतो का?

बूट होणं म्हणजे यंत्राने सुरू होताना तिथून प्रणाली उचलणं. पेनड्राइव्ह घ्यायच्या आधी हे बघायचं. उलट क्रमाने गेलात तर उत्तम पेनड्राइव्ह हातात आणि बॉक्स त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, अशी वेळ येते.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं गणित मॉडेलनुसार बदलतं. ३ बी मध्ये यूएसबी बूट आधी एकदा चालू करून घ्यावं लागतं, आणि ते कायमचं चालू होतं. ३ बी प्लस घेतल्या घेतल्या बूट होतो. पाय ४ सुरुवातीला, २०१९ मध्ये, यूएसबीवरून बूट होत नव्हता. २०२० मध्ये त्याच्या बूटलोडरच्या, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, अपडेटमधून ही सोय आली. तेव्हा जुना पाय ४ हाती आला असेल तर आधी बूटलोडर अपडेट करा. त्याहून जुन्या, पहिल्या पिढीच्या पायला एसडी कार्ड लागतंच.

अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये अ‍ॅमलॉजिकची चिप असेल तर कोअरइलेक चालण्याची शक्यता चांगली. ही प्रणाली २०१८ मध्ये लिब्रेइलेकपासून वेगळी झाली, ती याच चिपांसाठी. इथे पहिल्या वेळी बूट करायची पद्धत मजेशीर आहे : अनेक बॉक्समध्ये रीसेटचं बटण एव्ही जॅकच्या भोकाच्या आत लपवलेलं असतं. लाकडी टूथपिक आत घालून हलकेच दाबायची, बारीक ‘टक्’ जाणवते. ती दाबून धरूनच वीज जोडायची आणि पडद्यावर लोगो आला की सोडायची. धातूची पिन वापरू नका. आणखी एक गोष्ट : काही बॉक्समध्ये दोन यूएसबी पोर्ट असले तरी बूट एकाच पोर्टवरून होतं. पेनड्राइव्ह बिघडलाय असं ठरवण्याआधी दुसरं पोर्ट बघा.

जुन्या हार्डवेअरची हौस असलेल्यांकडे २००७ चा पहिल्या पिढीचा अ‍ॅपल टीव्ही असतो. २५६ एमबी रॅम, एकच यूएसबी पोर्ट. रिमोटवरचं मेन्यू आणि वजाचं बटण एकत्र दाबून धरलं की तो यूएसबीकडे वळतो. पोर्ट एकच असल्यामुळे तिथे पेनड्राइव्ह जितका लहान तितकं बरं, आणि हब लावायचा झाला तर स्वतंत्र वीज घेणारा.

पायरी २ : हा पेनड्राइव्ह दिवसभर काय करतो, ते समजून घ्या

सगळ्या खरेदीची किल्ली इथे आहे, म्हणून जरा निवांत बघू.

मीडिया प्लेअर पेनड्राइव्हवर दोन प्रकारची कामं करतो. पहिलं, मोठी फाइल सलग वाचणं. बूट होताना प्रणालीची दाबून बसवलेली एक मोठी फाइल वाचली जाते, ती काहीशे एमबीची असते. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात मिळतात तीस-पस्तीस मेगाबाइट. तेवढ्यात ती फाइल काही सेकंदांत वाचून होते. सिनेमा पेनड्राइव्हवरच ठेवून बघितला तरी काही बिघडत नाही : फोर-के ब्लू-रे डिस्कचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. ठीकठाक यूएसबी २.० पेनड्राइव्हलाही हे जमतं. पाकिटावरचे १००, १३०, ४०० असे आकडे या सलग वाचनाचे असतात. म्हणजे जिथे आपल्याला कमी पडतच नव्हतं, तिथलेच.

दुसरं काम बारीक लिखाणाचं. तुम्ही सिनेमा अर्ध्यावर थांबवला, तर कुठे थांबवला ते कोडी डेटाबेसमध्ये लिहितो. नवा सिनेमा जोडला, तर पोस्टर उतरवून घेतो, त्याची छोटी प्रत बनवतो, तिची नोंद दुसऱ्या डेटाबेसमध्ये करतो. हवामान, अ‍ॅड-ऑनचे अपडेट, लॉग... प्रत्येक वेळी चार-सहा किलोबाइट इथे, चार-सहा तिथे. आणि फ्लॅश मेमरीला नेमकं हेच जड जातं. तिच्यात चार किलोबाइट बदलायचे तरी आतला कित्येक पटींनी मोठा ब्लॉक पुसून नव्याने लिहावा लागतो. एसएसडीतला कंट्रोलर, म्हणजे मेमरीचा कारभार बघणारी चिप, हुशार असतो, तो ही कामं साठवून, वाटून, सोयीने उरकतो. स्वस्त पेनड्राइव्हमधला कंट्रोलर अगदी जेमतेम. त्यामुळे पाकिटावर १०० लिहिलेला पेनड्राइव्ह बारीक लिखाणात सेकंदाला एका मेगाबाइटच्या दशांशालाही पोहोचत नाही, असं सर्रास दिसतं.

पडद्यावर हे कसं दिसतं? सिनेमांच्या यादीतून खाली जाताना पोस्टर एकेक करून उगवतात, रिमोटचं बटण दाबल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही, मग तीन वेळा दाबल्याचा परिणाम एकदम दिसतो. लोक बॉक्सच्या प्रोसेसरला शिव्या घालतात. दोष असतो पेनड्राइव्हचा.

यात एक अडचण अशी की बारीक लिखाणाचा वेग पेनड्राइव्हच्या पाकिटावर छापतच नाहीत. मेमरी कार्डांवर मात्र छापतात, तेही आडून : ‘ए१’ असं चिन्ह असलेल्या मायक्रोएसडी कार्डाने सेकंदाला किमान १५०० बारीक वाचनं आणि ५०० बारीक लेखनं केलीच पाहिजेत, असा नियम आहे. चार किलोबाइटचं एक धरलं तर ५०० म्हणजे सेकंदाला दोन मेगाबाइट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कित्येक पेनड्राइव्हांच्या वीसपट आहे. त्यामुळे माझं स्पष्ट मत : चांगल्या ब्रँडचं ए१ कार्ड आणि नखाएवढा यूएसबी कार्ड रीडर ही जोडी अनोळखी पेनड्राइव्हपेक्षा केव्हाही भरवशाची. कार्ड आधीच पडून असेल तर खर्च फक्त रीडरचा. ‘ए२’साठी जास्त पैसे मोजू नका, त्या वर्गाचा फायदा मिळायला समोरच्या यंत्राची साथ लागते, आणि साधे रीडर ती देत नाहीत.

पायरी ३ : किती जीबीचा घ्यायचा

सिनेमे नेटवर्कवरच्या किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर असतील तर ८ जीबी पुरे, १६ जीबी ऐसपैस. प्रणाली स्वतः एक जीबीच्या आत बसते. बाकी जागा खाणारी गोष्ट म्हणजे पोस्टर आणि पार्श्वचित्रांचा साठा. हजारभर सिनेमे आणि बऱ्याच मालिका असतील तर तोच दोन-तीन जीबीपर्यंत जाऊ शकतो. थोडी जागा मोकळी राहिलेली चांगली, कंट्रोलरला झीज वाटून द्यायला वाव मिळतो.

आता गंमत अशी की नवे ४ आणि ८ जीबीचे पेनड्राइव्ह शोधून काढावे लागतात. ३२ जीबीचा जवळपास त्याच किमतीत मिळत असेल तर बिनधास्त घ्या. मोठा म्हणून तो बॉक्सला चालणार नाही, ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. तिचं मूळ फॉरमॅटमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइल्स मांडायच्या पद्धतीत, आहे : मोठे पेनड्राइव्ह अनेकदा एक्सफॅट करून येतात, आणि जुन्या प्लेअरना एक्सफॅट वाचता येत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीतही वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय दिसत नसे. आपण तर पूर्ण इमेजच, म्हणजे अख्ख्या प्रणालीची एका फाइलमधली तयार प्रतच, लिहिणार, म्हणजे कारखान्यातलं फॉरमॅट पुसलंच जाणार.

फक्त फर्मवेअर (बॉक्सच्या आतलीच प्रणाली) बदलण्यापुरता पेनड्राइव्ह लागत असेल, म्हणजे एक फाइल टाकायची, बॉक्सला दाखवायची आणि काढून घ्यायची, तर हे सगळं विसरा. ड्रॉवरमधला सगळ्यात जुना, १ किंवा २ जीबीचा फॅट३२ पेनड्राइव्ह तिथे उत्तम.

३२ जीबीचा संगणकात २९.८ दिसला तर फसवणूक झालेली नाही. बनवणारे जीबी दशमान पद्धतीने मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. ८ जीबीचा ७.४५, १६ चा १४.९.

पायरी ४ : आकार आणि उष्णता

छोटा म्हणजे किती छोटा? सॅनडिस्क अल्ट्रा फिट किंवा सॅमसंग फिट प्लस या जातीचे पेनड्राइव्ह पोर्टच्या बाहेर जेमतेम नखभर डोकावतात. टीव्हीच्या मागे, बॉक्स आणि भिंतीच्या मधल्या बोटभर फटीत हाच आकार बसतो. लांब पेनड्राइव्हला जाता-येता, झाडू-पोछा करताना धक्का लागतो, पोर्ट सैल होतं, आणि चालू प्रणालीखालची डिस्क क्षणभर सुटली तरी सगळं गोठतं.

पण या चिमुकल्या आकाराचे तोटे आहेत, ते माहीत असू द्या. आत वेगळी सर्किट पट्टी नसते. कंट्रोलर आणि मेमरी एकाच काळ्या वडीत ओतलेली असते. बिघडला तर त्यातून डेटा परत काढणं जवळपास अशक्य. शिवाय उष्णता बाहेर टाकायला अंगच नसतं. यूएसबी ३.० च्या पोर्टात सतत वाचन चालू असलं की धातूचं टोक बोटाला चटका देण्याइतकं तापू शकतं. उपाय दोन : शक्य असेल तर यूएसबी २.० पोर्टात लावा, वेग तसाही पुरतो. नाहीतर वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून पेनड्राइव्ह बॉक्सच्या गरम अंगापासून लांब न्या. ही वायर बाजूच्या जाड एचडीएमआय प्लगला पेनड्राइव्ह अडत असेल तरीही उपयोगी पडते.

यूएसबी २.० च्या बाजूने आणखी एक कारण. यूएसबी ३.० मधून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो, आणि वायरलेस कीबोर्डचं डोंगल, ब्लूटूथ, जुनं वाय-फाय हे सगळं त्याच पट्ट्यात चालतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. पेनड्राइव्ह लावल्यापासून वायरलेस रिमोट अडखळायला लागला, तर सेल बदलण्याआधी पोर्ट बदलून बघा.

टोपणवाला, फिरणाऱ्या झाकणाचा, चावीच्या आकाराचा... हे प्रकार शोभेचे. अंगावर दोरा ओवायचं भोक असेल तर मात्र चांगलं. नॅनो पेनड्राइव्ह घट्ट पोर्टातून नखाने उपटताना त्या भोकाची किंमत कळते.

पायरी ५ : घेताना

सगळ्यात स्वस्त पेनड्राइव्ह घरातच असतो. पण घरातल्यातही निवड करा. कार्यक्रमांत फुकट वाटलेले, कंपनीचं नाव छापलेले पेनड्राइव्ह टाळा. त्यांत कोणत्या प्रतीची मेमरी आहे ते वाटणाऱ्यालाही माहीत नसतं. २००५ ते २००९ च्या काळातल्या काही पेनड्राइव्हांत यू३ नावाचा प्रकार होता : ते संगणकाला स्वतःची ओळख पेनड्राइव्ह अधिक सीडी ड्राइव्ह अशी करून देतात. बूटच्या वेळी ही खोटी सीडी घोळ घालते. असा हाती लागला तर सोडून द्या.

नवा घ्यायचा तर नावाजलेल्या ब्रँडचा, खात्रीच्या विक्रेत्याकडून, परत करण्याची मुदत असलेला. मॉडेलचं नाव नीट बघा, कारण एकाच नावाखाली आतले भाग वर्षागणिक बदलतात. एकाने पाच वर्षांपूर्वी नावाजलेला पेनड्राइव्ह आज तोच असेल असं नाही. आणि १ टीबी, २ टीबी असं लिहिलेला नखाएवढा पेनड्राइव्ह चहाच्या पैशांत मिळत असेल तर तो खोटा आहे. यात ‘कदाचित’ नाही. आत ८-१६ जीबी असतात आणि कंट्रोलरला खोटं सांगायला शिकवलेलं असतं. भरेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. मग नवं जुन्यावर लिहिलं जातं किंवा हवेत जातं.

पायरी ६ : आल्या दिवशी तपासणी

ही पायरी गाळू नका. परत करण्याची मुदत संपल्यावर शहाणपण येऊन उपयोग नसतो.

आधी क्षमता. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं, फुकट साधन आहे. लिनक्स आणि मॅकवर एफ३ आहे. दोन्ही तेच करतात : पेनड्राइव्ह खुणेच्या डेटाने काठोकाठ भरतात आणि मग सगळं परत वाचून पडताळतात. वेळ लागतो. १६ जीबीचा पेनड्राइव्ह सेकंदाला ८ मेगाबाइटने लिहीत असेल तर नुसतं भरायलाच अर्धा तास. चालू करून दुसऱ्या कामाला लागा. अधूनमधून मात्र पेनड्राइव्हला बोट लावून बघा, या चाचणीत तो जितका तापेल त्याहून जास्त प्लेअरमध्ये सहसा तापणार नाही. एकही चूक निघाली तर परत करा. ‘एवढं चालतं’ असं इथे काही नसतं.

मग बारीक लिखाण. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये चाचणी चालवून सगळ्यात खालच्या ओळीतला, चार किलोबाइटच्या विखुरलेल्या लेखनाचा आकडा बघा. वरचे मोठे आकडे बघूच नका. एक मेगाबाइटच्या पुढे असेल तर छान. अर्ध्याच्या आसपास असेल तर चालवून घेता येतं. ०.१ च्या खाली असेल तर तो पेनड्राइव्ह गाणी ऐकायला ठेवा.

साधन नको असेल तर घरगुती पद्धत : शंभर एमबीची एक सलग फाइल आणि शंभर एमबीच्याच, पण दोनेक हजार बारीक फाइल्सचा फोल्डर, असं दोन्ही कॉपी करून वेळ लावा. फोल्डरला काही पट जास्त वेळ लागणारच. पण फाइल पंधरा सेकंदांत आणि फोल्डर पंधरा मिनिटांत, अशी तफावत असेल तर उत्तर मिळालं. लिनक्सवर कॉपीची पट्टी लवकर पूर्ण दिसते, कारण डेटा आधी रॅममध्ये साठतो. तिथे ‘सुरक्षित काढा’ म्हटल्यावर परवानगी मिळेपर्यंतचा वेळ धरा.

पायरी ७ : इमेज लिहिणं

आपल्या बॉक्सची नेमकी इमेज प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. तिथे चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का ते पडताळायचा आकडा, दिलेला असेल तर जुळवून बघा. लिहायला एचर, रुफस किंवा रास्पबेरी पाय इमेजर यांतलं कुठलंही चालेल. नवशिक्याला मी एचर सुचवतो : दाबलेली इमेज स्वतःच उलगडतो, लिहून झाल्यावर पडताळणीही करतो. पडताळणी अर्ध्यावर सोडू नका.

लिहिण्याआधी संगणकाला लावलेल्या बाकीच्या हार्ड डिस्क काढून ठेवा. साधन जे निवडाल ते पुसतं, आणि ‘नक्की ना?’ हा प्रश्न वाचायची आपली सवय कधीच गेलेली असते.

लिहून झालं की विंडोज लगेच एक खिडकी दाखवेल : डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? ‘नाही’ म्हणा. इमेजमधला एक भाग लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटचा असतो, तो विंडोजला कळत नाही, एवढंच. पेनड्राइव्ह अचानक काहीशे एमबीचाच दिसतो, तेही याचमुळे. पुढे कधी तो साध्या कामाला परत वापरायचा झाला तर विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये तो निवडून ‘क्लीन’ द्यायचं आणि नव्याने फॉरमॅट करायचं. डिस्कचा क्रमांक दोनदा बघून.

कोअरइलेक असेल तर आणखी एक काम बाकी असतं : पेनड्राइव्हवरच्या डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बॉक्समधल्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइल्सच्या, फोल्डरमधून आपल्या चिपची आणि रॅमची फाइल निवडून ती सगळ्या फोल्डरांच्या बाहेर, मुळाशी कॉपी करायची आणि तिला ठरवून दिलेलं नाव द्यायचं. हे राहिलं तर बॉक्स लोगोवरच अडकतो किंवा लॅन, वाय-फाय दिसत नाही. नवशिक्यांची निम्मी गाडी इथे अडते, आणि पुन्हा खापर फुटतं पेनड्राइव्हवर.

पायरी ८ : पहिलं बूट

पहिल्या बूटला प्रणाली आपला भाग पेनड्राइव्हच्या पूर्ण जागेएवढा वाढवते आणि स्वतः रीस्टार्ट होते. मंद पेनड्राइव्हवर याला काही मिनिटं लागतात. पडदा काळा राहिला म्हणून वीज काढू नका.

चालू झाल्यावर दोन-तीन गोष्टी लगेच करा. डीबग लॉगिंग, म्हणजे दोष शोधण्यासाठीची बारीक नोंद, बंद आहे ना ते बघा. चालू राहिलं तर ते पेनड्राइव्हवर अखंड लिहीत बसतं. टीव्ही ट्यूनर वापरत असाल तर टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवून मागून बघण्याची सोय) आणि रेकॉर्डिंगची जागा दुसऱ्या हार्ड डिस्कवर द्या. पेनड्राइव्ह लवकर मारायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. व्हिडिओचा कॅश रॅममध्येच राहू द्या. संग्रह मोठा असेल तर कोडीच्या प्रगत सेटिंगच्या फाइलमध्ये चित्रांचं कमाल रिझोल्यूशन कमी करता येतं, त्याने साठाही घटतो आणि लिखाणही.

मग सगळं मनासारखं लागलं की बॅकअप. लिब्रेइलेक आणि कोअरइलेक दोन्हींच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवरच ठेवू नका, नेटवर्कवर किंवा संगणकावर हलवा. बॅकअप हाती असला की स्वस्त पेनड्राइव्ह वापरण्यातला धोका जवळजवळ संपतो. मेला तर दुसऱ्यावर इमेज लिहायची, बॅकअप परत घ्यायचा, अर्ध्या तासात पूर्ववत.

अडलंच तर

बॉक्स पेनड्राइव्हला ओळखतच नाही : दुसरं पोर्ट, मग हब किंवा वायर काढून थेट, मग दुसऱ्या ब्रँडचा पेनड्राइव्ह. काही बूटलोडर पोर्टकडे क्षणभरच बघतात, आणि पेनड्राइव्हचा कंट्रोलर जागा व्हायला त्याहून जास्त वेळ घेतो. अशा बॉक्सला एसडी कार्डाचा खाचा असेल तर तो वापरा, भांडत बसू नका.

मधूनच रीस्टार्ट होतो : बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर तपासा. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत अशी अपेक्षा असते, यूएसबी ३.० ने ९००. कमजोर अ‍ॅडॅप्टरवर बाहेरची हार्ड डिस्कही त्याच बॉक्सवर चालवली की आधी मान टाकतो तो पेनड्राइव्ह.

बदललेलं सेटिंग रीस्टार्टनंतर जुनंच दिसतं, कालच बघून संपवलेला भाग पुन्हा न बघितलेला दाखवतो : हे शेवट जवळ आल्याचं लक्षण. झीज संपत आली की अनेक कंट्रोलर लिखाण बंद करून फक्त वाचू देतात, किंवा चुका सापडल्यावर लिनक्सच तो भाग वाचनापुरता करून टाकतो. संगणकावर एकदा ईएक्सटी४ भागाची दुरुस्ती करून बघा. चारच दिवसांत पुन्हा तेच झालं तर फॉरमॅटमध्ये वेळ घालवू नका. बॅकअपची फाइल हाताशी घ्या आणि नव्या पेनड्राइव्हसह सहाव्या पायरीपासून सुरुवात करा.